विंडोज टाकताना हार्ड डिस्कच दिसत नाहीये, बायोसमध्ये मात्र दिसते

अडला_हरी | रात्री १०:४०

मंडळी, डोकं बधिर झालंय. लॅपटॉपला एक टीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी (नव्या जातीची जलद डिस्क) बसवली. तिच्यावर विंडोज ११ कोरी टाकायची आहे. पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून मशीन सुरूही होतं, भाषा, कीबोर्ड सगळं विचारून होतं. 'विंडोज कुठे टाकू' हा पडदा आला की यादी रिकामी! वर सांगतंय की एकही ड्राइव्ह सापडली नाही, स्टोरेज ड्रायव्हरसाठी लोड ड्रायव्हर दाबा. कसला ड्रायव्हर? डिस्कसोबत तर एक कागद आणि एक स्क्रू एवढंच आलं होतं.

पेनड्राइव्ह दोनदा नव्याने बनवला, डिस्क काढून परत बसवली, तरी तेच. उद्या डिस्क परत करणार आहे. त्याआधी कुणाला काही सुचतंय का?

पेचकस | रात्री ११:०५

परत करायची घाई नको. चार गोष्टी सांगा.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी मशीनचा स्वतःचा सेटिंगचा पडदा येतो त्यात) डिस्क नावानिशी दिसते का? प्रोसेसर कोणता, कितव्या पिढीचा? लॅपटॉपमध्ये आणखी एखादी डिस्क आहे का? आणि असेल तर ती तरी त्या रिकाम्या यादीत दिसते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

घाईत_आहे | रात्री ११:१२

सोपं आहे. त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. डिस्कपार्ट, मग सिलेक्ट डिस्क ०, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. माझं असंच झालं होतं, दोन मिनिटांत सुटलं.

टर्मिनलवाली | रात्री ११:१५

हरी, वरचं काहीही करू नका! निदान अजून तरी नाही.

@घाईत_आहे, त्यांना यादीच रिकामी दिसतेय, मग सिलेक्ट करणार कशाला? आणि उद्या ड्रायव्हर टाकल्यावर 'डिस्क ०' म्हणून जुनी डिस्क समोर आली तर? क्लीन पार्टिशनची पाटीच पुसून टाकतं, 'खरंच का?' असं विचारतसुद्धा नाही. तुमची अडचण वेगळी होती. डिस्क दिसत होती पण सेटअप तिच्यावर बसायला नकार देत होता, बरोबर? एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) असलेली जुनी डिस्क आणि यूइएफआयमधून (नव्या धाटणीच्या बायोसमधून) सुरू केलेला सेटअप, असा तो मामला असतो. तिथे तुमचं औषध चालतं, तेही डिस्कवर ठेवण्यासारखं काही नसेल तरच.

घाईत_आहे | रात्री ११:२१

हो, दिसत होती. नकार देत होता. बरं, माघार.

अडला_हरी | रात्री ११:३०

पेचकस, उत्तरं देतो. बायोसमध्ये नवी डिस्क दिसते, मॉडेल नंबरसकट. प्रोसेसर इंटेल, अकराव्या पिढीचा. आत दोन खाचा आहेत. दुसरीत जुनी २५६ जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर कंपनीने टाकून दिलेली विंडोज आहे आणि ती अजूनही मस्त चालते. फोटो, कागदपत्रं सगळं तिच्यावरच.

आणि आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट पाहिलं. सेटअपच्या यादीत ती जुनीही दिसत नाही! मी नव्या डिस्कच्या नावाने खडे फोडत बसलो, तिकडे लक्षच गेलं नाही.

पेचकस | रात्री ११:४८

म्हणजे डिस्क निर्दोष सुटली. दोन डिस्का, त्यातली एक रोज चालणारी, दोन्ही एकदम गायब होत असतील तर दोष डिस्कांचा नसतो, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेचा असतो.

अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर बायोसमध्ये आधीच चालू करून दिलेला असतो. पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. एनव्हीएमई डिस्का थेट समोर न येता त्याच्या पाठीमागे जातात. तो दारात बसलेला, आणि त्याच्याशी बोलता येईल असा ड्रायव्हर असलेल्यालाच आतलं दिसतं. बायोसकडे स्वतःचा ड्रायव्हर असतो म्हणून तिथे डिस्क दिसते. तुमच्या जुन्या विंडोजमध्ये लॅपटॉप कंपनीने तो आधीच घालून ठेवलाय म्हणून ती चालते. कोऱ्या पेनड्राइव्हवरच्या सेटअपकडे तो नाही. त्यामुळे त्याच्या लेखी लॅपटॉपात डिस्कच नाही.

खात्री करायची तर जुन्या विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, स्टोरेज कंट्रोलर्स या गटात बघा. आरएसटी व्हीएमडी असं काही लिहिलेलं सापडेल (आरएसटी हे इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरचं नाव).

आता रस्ते दोन. बायोसमधून व्हीएमडी बंद करा, किंवा सेटअपला ड्रायव्हर द्या.

मी_पण | रात्री ११:५५

चालू धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझा डेस्कटॉप आहे. बोर्डावर एम डॉट टू (थेट खाचेत बसणारी पातळ) डिस्क बसवली तशी जुनी साटाची (जुन्या प्रकारच्या जोडणीची) हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. बायोसमध्येही नाही. हेही व्हीएमडीच का?

जुनं_खोड | सकाळी ६:१०

हे सगळं वाचून जुने दिवस आठवले. विंडोज एक्सपीचा सेटअप सुरू झाला की खाली एक ओळ यायची, बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. ती ओळ काही सेकंदच राहायची, डोळा लागला की गेली. दाबलंच तर ड्रायव्हर फ्लॉपीवरच पाहिजे, आणि तोपर्यंत नव्या मशीनमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार झालेली! मग काय, बायोसमध्ये साटाचा कंट्रोलर एएचसीआय या नव्या मोडवरून जुन्या आयडीई मोडवर आणायचा आणि गुपचूप पुढे जायचं. विंडोज ७ आली, एएचसीआयचा प्रश्न मिटला. पुढे एनव्हीएमई डिस्का आल्या तर विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत त्यांचाच ड्रायव्हर नाही. आता व्हीएमडी. रोग तोच, दर काही वर्षांनी नाव बदलून येतो.

अवांतराबद्दल क्षमस्व. पेचकस म्हणतात ते बरोबर आहे.

अडला_हरी | सकाळी ९:२०

पेचकस, दंडवत! व्हीएमडीच होतं. बायोसमध्ये तो पर्याय आधी दिसतच नव्हता. कुठेतरी वाचलं की काही लॅपटॉपांत पहिल्या मेन टॅबवर उभं राहून कंट्रोल आणि एस दाबलं की लपवलेले पर्याय उघडतात. दाबलं, आणि उघडला की! बंद केलं, पेनड्राइव्ह लावला, दोन्ही डिस्का यादीत हजर.

पण आता पोटात गोळा आलाय. म्हटलं नवी विंडोज टाकायच्या आधी फोटोंची एक प्रत काढून ठेवावी, म्हणून जुन्या विंडोजवर गेलो तर निळा पडदा. इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. तीनदा करून पाहिलं. आता ते स्वतःच 'दुरुस्ती करतो' म्हणतंय आणि त्यात 'हा पीसी रीसेट करा' असं बटण आहे. माझा डेटा गेला का?

टर्मिनलवाली | सकाळी ९:२६

नाही गेला. रीसेटला हात लावू नका. मशीन बंद करा, बायोसमध्ये जा, व्हीएमडी परत चालू करा. जुनी विंडोज उठेल.

झालं ते असं. जुनी विंडोज डिस्कपर्यंत पोचायची ती व्हीएमडीच्या वाटेने. तुम्ही ती वाट बंद केलीत. सुरू होताना दुसऱ्या वाटेचा ड्रायव्हर उचलायचा हे तिला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ती स्वतःच्याच घराबाहेर अडकली. डिस्कवरचा एक बिटही हललेला नाही.

पेचकस | सकाळी ९:५०

चूक माझी. ‘बंद करा’ हा रस्ता सांगताना, जुनी विंडोज चालू ठेवायची असेल तर आधी तिची तयारी करावी लागते, हे लिहायला हवं होतं. तुम्ही दोन डिस्का आहेत असं स्पष्ट लिहिलं होतंत, तरी माझ्या नजरेतून सुटलं.

@मी_पण, तुमचं प्रकरण निराळं आहे. डेस्कटॉपच्या कित्येक बोर्डांवर एम डॉट टूची खाच आणि एखाद-दोन साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. खाचेत डिस्क बसली की ते पोर्ट मेले. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये यावर एक छोटा तक्ता असतो, कोणती खाच भरली की कोणता पोर्ट बंद, तो शोधा. मॅन्युअल नसेल तर साटाची केबल दुसऱ्या पोर्टात घालून बघा.

मी_पण | सकाळी १०:१५

पोर्ट बदलला. दिसली! दोन दिवस केबली बदलत होतो, पोर्ट बदलायचं काही डोक्यात आलं नाही.

अडला_हरी | सकाळी १०:४०

व्हीएमडी चालू केलं. निळा पडदा गेला, पण आता निळ्यासारखाच दुसरा आलाय. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) म्हणतंय ४८ अंकी रिकव्हरी की द्या. मी आयुष्यात कधी बिटलॉकर चालू केलेलं नाही!

सावली | सकाळी १०:४८

तुम्ही केलं नसेल, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक लॅपटॉपांवर ते आपोआप चालू होतं. बायोसमध्ये मोठा बदल दिसला की त्याला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या पानावर रिकव्हरी की मिळेल. पडद्यावर की आयडी दिसतोय ना, त्याचे सुरुवातीचे अक्षर-अंक जुळतात तीच घ्या. एकापेक्षा जास्त किल्ल्या असू शकतात.

अडला_हरी | सकाळी ११:०५

मिळाली! घातली, विंडोज उठली. फोटो आहेत. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावलंय, आता ते झाल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही. किल्लीसुद्धा कागदावर उतरवली.

आता पुढे काय? व्हीएमडी बंद करू की ड्रायव्हर घालू? जुनी डिस्क महिनाभर तरी चालू स्थितीत हवी आहे. त्यावर एक-दोन प्रोग्राम असे आहेत की ते नव्याने टाकायचे म्हणजे लायसन्सची भानगड.

टर्मिनलवाली | दुपारी १२:३०

माझं मत, बंद करा आणि मोकळे व्हा. घरच्या लॅपटॉपात रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरणं) कुणी करत नाही, मग तो मधला कंट्रोलर काय कामाचा? पुढच्या वेळी विंडोज टाकताना परत हीच रडकथा नको.

जुन्या विंडोजची तयारी अशी. बिटलॉकर आधी सस्पेंड करा. रनमध्ये एमएसकॉन्फिग, बूट टॅबवर सेफ बूट, मिनिमल. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद. विंडोज सेफ मोडमध्ये उठते, नवा ड्रायव्हर आपसूक उचलते. मग तीच खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या, सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही.

लिनक्सवाले कुणी वाचत असतील तर, तुमच्याकडे गोष्ट थोडी वेगळी. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बरीच वर्षं आहे, त्यामुळे नुसत्या व्हीएमडीने सहसा अडत नाही. अडतं ते थोड्या जुन्या मशीनांवर, जिथे बायोसमध्ये साटा मोड आरएसटी किंवा रेडवर ठेवलेला असतो. तेव्हा एनव्हीएमई डिस्क एएचसीआयच्या मागे लपवली जाते. अशा वेळी डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून बघा. कर्नल सरळ सांगतो की रीमॅप केलेली एक एनव्हीएमई डिस्क सापडली आहे, ती वापरायची तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. एवढी स्पष्ट सूचना विंडोजने दिली असती तर हा धागाच निघाला नसता.

पेचकस | दुपारी १:१०

कोऱ्या मशीनसाठी सहमत. इथे मात्र नाही. हरींना जुनी विंडोज महिनाभर जशीच्या तशी हवी आहे आणि सकाळी एकदा तोंड पोळलंय. व्हीएमडी राहू दे, सेटअपला ड्रायव्हर द्या, जुन्याला धक्काच नको. महिन्यानंतर जुनी डिस्क पुसाल तेव्हा काय ते ठरवा.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून घ्या, स्टोरेजच्या गटात आरएसटी नावाने असतो. इंटेलकडूनही मिळतो, पण कोणती आवृत्ती कोणत्या पिढीला चालते हे तिथे स्वतः बघावं लागतं.

अडला_हरी | दुपारी ३:३५

ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हवर टाकला. सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, ब्राउझ, फोल्डर निवडलं. म्हणतंय सही असलेला एकही ड्रायव्हर सापडला नाही. फाइल तर समोर आहे!

सावली | दुपारी ३:४२

फाइल इएक्सई असेल. सेटअपला इन्स्टॉलर नको असतो, त्याच्या पोटातल्या सुट्या फाइली हव्या असतात. आयएनएफ, सिस, कॅट अशा.

जुन्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, ती इएक्सई जिथे आहे तिथे जा. फाइलचं नाव लिहा, जागा सोडा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स, पुन्हा जागा सोडून नव्या फोल्डरचं नाव. एंटर. हे इंटेलच्या सेटअपआरएसटी फाइलला चालतं. लॅपटॉप कंपनीने स्वतःचं वेष्टन चढवलेलं असेल तर ते उघडताना बहुधा 'फक्त फाइली काढा' असा पर्याय मिळतो. जे फोल्डर तयार होईल त्यात व्हीएमडी असं पोट-फोल्डर शोधा, आत आयएएस्टोरव्हीडी नावाची आयएनएफ असेल. ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. सेटअपच्याच पेनड्राइव्हवर चालतं, दुसरा लागत नाही.

न जुळणारे ड्रायव्हर लपवा, अशी खूण तिथे असते. ती काढू नका. ती असताना यादीत एक ओळ आली तर तीच तुमची. काहीच नाही आलं तर आवृत्ती चुकली.

जुनं_खोड | दुपारी ४:००

आणि एएमडीवाल्यांनी रेड चालू ठेवलं असेल तर त्यांना एक नाही, तीन ड्रायव्हर ओळीने द्यावे लागतात. आरसीबॉटम, मग आरसीरेड, मग आरसीसीएफजी. क्रम चुकवायचा नाही. रेड नको असेल तर बायोसमध्ये एएचसीआय ठेवा म्हणजे हा सत्यनारायणच टळतो.

अडला_हरी | संध्याकाळी ५:१५

दिसल्या!!! दोन्ही! डिस्क ० म्हणजे जुनी, डिस्क १ नवी. नव्यावर नुसतं 'अनअलोकेटेड स्पेस' लिहिलंय. नेक्स्ट दाबू का?

टर्मिनलवाली | संध्याकाळी ५:१७

थांबा! डिस्क ० जुनी निघाली, पाहिलंत? @घाईत_आहे, वाचताय ना?

नेक्स्ट दाबण्याआधी मशीन बंद करा आणि जुनी डिस्क काढून ठेवा. दोन डिस्का असताना विंडोजचा सेटअप बूटच्या फाइली बऱ्याचदा आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या छोट्या भागात) टाकतो, म्हणजे जुन्या डिस्कवर. महिन्याने तुम्ही जुनी डिस्क पुसाल आणि नव्या डिस्कवरची विंडोज सुरूच होणार नाही. तेव्हा परत इथेच याल.

अडला_हरी | संध्याकाळी ५:२०

परत पाठ उघडायची? अकरा स्क्रू आहेत हो.

पेचकस | संध्याकाळी ५:२२

उघडा. ताई बरोबर सांगतायत. बॅटरीची पिन आधी काढा.

अडला_हरी | रात्री ८:०५

झालं. जुनी काढली, ड्रायव्हर परत लोड केला, नवी एकटीच दिसली, नेक्स्ट. विंडोजने १०० एमबीचं ईएफआय वगैरे आपलं आपण करून घेतलं. मग जुनी परत बसवली. आता सुरू होताना एफ१२ दाबलं की दोन्ही विंडोज स्वतंत्र दिसतात, हवी ती निवडतो. जुनीने किल्ली परत मागितली नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरातले दहाच स्क्रू सापडले, पण चालतंय.

नवा_गडी | दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३०

अगदी हेच माझ्याकडे. सेटअपमध्ये डिस्क नाही. वर दिल्याप्रमाणे ड्रायव्हर लोड केला, व्हीएमडी बंद करून पाहिलं, काही फरक नाही. एम डॉट टू डिस्क आहे, बायोसमध्येही दिसत नाही.

पेचकस | सकाळी ८:५५

मग अगदी हेच नाही. हरींच्या बायोसमध्ये दिसत होती. बायोसलाच दिसत नसेल तर ड्रायव्हर, पेनड्राइव्ह सगळं बाजूला ठेवा आणि पाठ उघडा. डिस्क खाचेत पूर्ण आत गेलीय का, शेपटाकडे स्क्रू लावलाय का, की उचललेली आहे?

नवा_गडी | सकाळी ९:४०

पूर्ण आत आहे. स्क्रू घट्ट.

पेचकस | सकाळी ९:४४

पितळी टोकांच्या कडेला खाचा किती आहेत, एक की दोन?

नवा_गडी | सकाळी ९:५१

दोन.

पेचकस | सकाळी ९:५५

लेबल वाचा. दोन खाचांची डिस्क बहुधा साटाची असते. ती एनव्हीएमईच्या जागेत अंगाला बसते, पण जागा फक्त एनव्हीएमईची असेल तर तिच्याकडे कुणी बघतही नाही. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये त्या जागेला काय चालतं तेही बघा.

नवा_गडी | सकाळी १०:२०

लेबलवर बारीक अक्षरात साटा लिहिलंय. मॅन्युअलमध्ये फक्त एनव्हीएमई.

अडला_हरी | सकाळी १०:२४

मग तुमची खरंच परत करायची.